फुकट तिकीट आणि उंच पायरी

डिसेंबर महिन्याची तिसरी तारीख ही आपल्याकडे अपंगांसाठी घोषणा करण्याची तारीख होऊन बसली आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ साली हा दिवस अपंग व्यक्तींचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळावयाचे ठरविले. २०१५ साली याच दिवशी केंद्र सरकारने सुगम्य भारत अभियानाचा नारळ फोडला. २०२२ साली याच मुहूर्तावर महाराष्ट्र सरकारने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र खाते उघडले आणि असे खाते काढणारे आपण देशातले पहिले राज्य असल्याचे अभिमानाने सांगितले. दर वर्षी या दिवशी सभा भरतात, हारतुरे होतात, तीनचाकी सायकलींचे वाटप होते, छायाचित्रे निघतात. मग चौथी तारीख उजाडते, आणि अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बसस्थानकावर तीच गाडी तेवढ्याच उंचीची पायरी घेऊन पुन्हा उभी राहते. आज आम्हाला लिहावयाचे आहे ते त्या पायरीविषयी.

प्रारंभीच एक गोष्ट मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. प्रवासभाड्यातील सवलतीच्या बाबतीत महाराष्ट्राचे राज्य परिवहन महामंडळ कोणाच्या मागे नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एस.टी. निघाली. आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या शहरापर्यंतचा तो पहिला फेरा होता. त्यानंतरच्या पाऊण शतकात या गाडीने विद्यार्थी, रुग्ण, स्वातंत्र्यसैनिक, पुरस्कारप्राप्त कलावंत अशा कितीतरी वर्गांना आपल्या पंखाखाली घेतले. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला. पासष्ट ते पंचाहत्तर या वयातील नागरिकांना अर्धे तिकीट आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट मिळू लागले. अंध व अपंग प्रवाशांना साध्या गाडीत पंचाहत्तर टक्के सूट आहे, आणि ज्याचे अपंगत्व पासष्ट टक्क्यांहून अधिक आहे त्याच्या सोबत्यालाही अर्धी सूट आहे. सिकलसेल, हिमोफिलिया यांसारख्या व्याधींनी ग्रासलेल्यांना आणि डायलिसिसवर जगणाऱ्या रुग्णांना साध्या गाडीत मोफत प्रवासाची मुभा आहे. ज्या मेळघाटात सिकलसेलने घराघरांत ठाण मांडले आहे, तेथे या मुभेचे मोल काय असेल हे सांगावयास नको. या सवलती देणाऱ्यांना आम्ही धन्यवाद देतो.

परंतु धन्यवाद देऊन झाल्यावर हिशेबाची वही उघडावी लागते, आणि ती उघडली की कागदावरचा आकडा आणि प्रवाशाच्या खिशातला आकडा यांचा मेळ बसत नाही. एखादा अंध तरुण मूर्तिजापूरहून अकोल्याला नोकरीच्या मुलाखतीस निघाला असे समजा. त्याचे स्वतःचे तिकीट पाव. हात धरावयास घेतलेल्या भावाचे तिकीट अर्धे. दोघांचे मिळून पाऊण तिकीट झाले. डोळस उमेदवार एकटाच जातो आणि एक तिकीट काढतो. हा पाऊण काढतो. कागदावर पंचाहत्तर टक्के दिसणारी सूट प्रत्यक्षात पंचवीस टक्क्यांवर आली! आणि त्या भावाची बुडालेली मजुरी कोणत्याच कोष्टकात बसत नाही. भाडेवाढ झाली की हा पाऊण वाटाही वाढतो. २५ जानेवारी २०२५ रोजी एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी चढले. सहा किलोमीटरच्या एका टप्प्यास साध्या गाडीला ८ रुपये ७० पैसे पडत, ते १० रुपये ५ पैसे झाले. अपंगाचा पगार, मिळत असलाच तर, त्या दिवशी तेवढ्याने चढला नाही.

दुसरी गोष्ट ओळखपत्राची. सवलत हवी तर प्रमाणपत्र हवे, आणि प्रमाणपत्र हवे तर तपासणी हवी. धारणी किंवा चिखलदऱ्याच्या एखाद्या पाड्यावरच्या माणसाला विशेष तपासणीसाठी घाट उतरून अमरावती गाठावी लागली, तर तो प्रवास त्याला पूर्ण भाड्याने करावा लागतो; कारण सवलतीचे कार्ड अद्याप त्याच्या हाती नाही. डॉक्टर त्या दिवशी भेटले नाहीत, यंत्र बंद होते, कागद अपुरा होता, म्हणजे पुन्हा एक खेप. तीही पूर्ण भाड्याची. अपंग ठरेपर्यंत सरकारच्या लेखी तो धडधाकट! ज्याला सवलतीची सर्वांत अधिक गरज आहे त्याने सवलतीच्या दारापर्यंतचा रस्ता स्वतःच्या खर्चाने तुडवावा, हा न्याय उफराटा आहे. तपासणीसाठी दिलेल्या तारखेची चिठ्ठी हेच त्या दिवसापुरते सवलतीचे तिकीट मानले, तर महामंडळाचे दिवाळे निघेल असे आम्हाला वाटत नाही.

तिसरी गोष्ट वयाची. ज्येष्ठ नागरिक म्हणजे साठ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती, असे २००७ सालचा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा सांगतो. एस.टी.च्या दृष्टीने मात्र म्हातारपण पासष्टाव्या वर्षी येते आणि ते पुरते मुरते पंचाहत्तराव्या वर्षी. शेतात राबलेल्या, कापूस वेचून पाठ वाकलेल्या वऱ्हाडी बाईचे गुडघे साठीच्या आतच बोलू लागतात. पंचाहत्तरी गाठेपर्यंत तिला घराची ओसरी उतरणे जड जाते. मग फुकट तिकीट घेऊन ती जाणार कोठे? दात होते तेव्हा चणे नव्हते आणि चणे आले तेव्हा दात राहिले नाहीत, ही म्हण जणू याच योजनेसाठी रचली गेली असावी.

येथे आम्ही मुद्द्यावर येतो. कोणत्याही सकाळी कोणत्याही स्थानकावर घटकाभर उभे राहावे. गाडी लागते. पहिली पायरी गुडघ्याच्या वर. धरावयाचा दांडा एकीकडे, तोही झिजलेला. मागून लोंढा येतो. एक वृद्धा दाराशी येऊन एक पाय उचलून पाहते, खाली ठेवते, पुन्हा उचलते. “माय, जरा घाई कर न!” असे वाहक म्हणतो, त्याच्या स्वरात द्वेष नसतो, त्याला वेळापत्रक गाठायचे असते. शेवटी कोणी वरून हात ओढतो, कोणी खालून आधार देतो आणि धान्याचे पोते चढवावे तशी ती आजी गाडीत चढविली जाते. ही झाली दोन पाय असलेल्या माणसाची कथा. कुबड्यांवर चालणाऱ्याला आधी कुबड्या वर फेकाव्या लागतात. चाकाच्या खुर्चीत बसणारा तर स्थानकावर दिसतच नाही. आणि तो दिसत नाही म्हणून त्याची सोय करण्याचे कारणही कोणाला दिसत नाही. अपंग प्रवासी येत नाहीत म्हणून सोय नाही, आणि सोय नाही म्हणून ते येत नाहीत. २०११ च्या जनगणनेने महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती मोजल्या. त्यांच्यापैकी किती जण घराच्या उंबऱ्याआड केवळ एका पायरीमुळे बसून आहेत, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

ही पायरी इतकी उंच का, याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. आपल्याकडे बसगाडी ही दीर्घकाळ मालमोटारीच्या सांगाड्यावर बांधली गेली. सांगाडा माल वाहण्यासाठी आखलेला. त्यावर बाके ठोकली की प्रवासी गाडी तयार. मालाला पायरी चढावी लागत नाही, त्यामुळे सांगाड्याच्या उंचीचा विचार कोणी केला नाही. शहरी गाड्यांसाठी जमिनीपासून ४०० मिलिमीटर उंचीच्या तळाची गाडी ठाऊक असताना ९०० मिलिमीटरच्या तळाच्या गाड्या सर्रास धावतात. ग्रामीण भागातील गाड्यांचे तर विचारूच नये.

यावर अधिकारीवर्गाचे एक उत्तर तयार असते, आणि ते अगदीच पोकळ नाही. सखल तळाची गाडी पुण्यामुंबईच्या डांबरी रस्त्यावर ठीक. ती मेळघाटाच्या वळणावर किंवा खारपाणपट्ट्यातल्या पावसाळी रस्त्यावर पोट घासेल आणि अडकून पडेल, असे ते म्हणतात. आम्ही हे मान्य करतो. परंतु गाडी खाली आणता येत नसेल तर फलाट वर नेता येतो, हे सांगावयास परदेशी तज्ज्ञ आणण्याची गरज नाही. आगगाडीसाठी आपण दीडशे वर्षांपूर्वी नेमके हेच केले. अमरावती, अकोला, मूर्तिजापूर, परतवाडा, अकोट, दर्यापूर यांसारख्या प्रत्येक स्थानकावर एकच फलाट गाडीच्या तळाच्या उंचीचा बांधावा, त्यावर चढण्यास उतरता कठडेबंद मार्ग करावा आणि सांगावा आला की गाडी त्या फलाटाला लावावी. आणि जेथे फलाट नाही तेथे काय? तेथे दारात घडीची एक पायरी बसवावी, दोन्ही बाजूंस पकडीचा दांडा लावावा, पायऱ्यांच्या कडा पिवळ्या रंगाने रंगवाव्यात म्हणजे मंददृष्टीच्या माणसाला त्या दिसतील. महामंडळाच्या गाड्यांचे सांगाडे झाकण्याचे काम दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळील हिंगणा येथील त्याच्याच कार्यशाळांनी वर्षानुवर्षे केले आहे. जो कारागीर दार बसवितो त्याला एक पायरी बसविता येत नाही, असे कोण म्हणेल? अडचण लोखंडाची नाही, विचाराची आहे.

आणि विचाराच्या आड पैसा येतो. २०२५ च्या फेब्रुवारीत राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी, महिला व ज्येष्ठांच्या सवलतींमुळे महामंडळाला रोज सुमारे तीन कोटींचा तोटा होतो, असे जाहीरपणे सांगितले. पुढे सवलती चालूच राहतील असा खुलासा सरकारकडून झाला. त्याच वर्षी जून महिन्यात निघालेल्या श्वेतपत्रिकेत महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या वर गेल्याची कबुली आहे. आमचे म्हणणे असे की, यात ‘तोटा’ हा शब्दच चुकीचा आहे. सवलत जाहीर करते सरकार. तिचे श्रेय घेते सरकार. फलकावर छायाचित्र झळकते ते सरकारचे. मग तिची किंमत ही महामंडळाची बुडीत रक्कम नसून सरकारकडून त्याला येणे असलेली रक्कम आहे. ज्या हाताने सरकार वर्षानुवर्षे भाड्यावर साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आले, त्याच हाताने सवलतीचा परतावा देताना मात्र ते चाचपडते. याचा परिणाम मुंबईच्या कचेरीत दिसत नाही. तो फाट्यावर दिसतो. फाट्यावर तीनचार पांढरी डोकी उभी दिसली की चालकाचा पाय गतिरोधकावर जावयास कचरतो. पैसे देणारा तो प्रवासी आणि फुकट जाणारा तो उपद्रव, ही भावना कोणी शिकविली नाही. ती हिशेबातून आपोआप उपजली. ज्या दिवशी सवलतीच्या प्रत्येक तिकिटाचे पैसे महिनाअखेर बिनबोभाट आगाराच्या खात्यावर जमा होतील, त्या दिवशी फाट्यावरचा तो म्हातारा वाहकाच्या डोळ्यांत पुन्हा प्रवासी होईल.

एस.टी.ची ही अवस्था, तर रेल्वेने सरळ हातच वर केले. साठी ओलांडलेल्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना पन्नास टक्के, ही तिकिटातील सूट २० मार्च २०२० रोजी साथीच्या काळात थांबविण्यात आली. वृद्धांनी अनावश्यक प्रवास टाळावा हा त्या वेळचा हेतू समजण्यासारखा होता. साथ गेली, मुखपट्ट्या गेल्या, गाड्या तुडुंब भरल्या. पाच वर्षे उलटली तरी सूट परतली नाही. संसदेच्या स्थायी समितीने निदान शयनयान व तिसऱ्या वातानुकूलित वर्गात ती पुन्हा द्यावी अशी शिफारस केली. सरकारचे उत्तर असे की प्रत्येक प्रवाशाला सरासरी ४६ टक्के सूट आधीच मिळते. सर्वांना मिळते ती सवलत नव्हे, ते भाडे होय. आणि तरण्याबांड माणसाला जे भाडे, तेच निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धाला लावले तर त्याला समता म्हणता येत नाही. वऱ्हाडातील मध्यमवर्गाला हा घाव थेट बसला आहे. मुले पुण्यामुंबईस, आईबाप अमरावतीस. वर्षातून दोन खेपा नातवंडांसाठी, एखादी खेप शस्त्रक्रियेसाठी. त्या प्रत्येक खेपेला आता पूर्ण तिकीट पडते.

अपंगांच्या काही वर्गांची रेल्वेतील सवलत शाबूत राहिली, हे खरे. परंतु त्यांच्यासाठी राखलेला डबा बहुधा गाडीच्या टोकाला असतो. बडनेऱ्यास किंवा अकोल्यास मोजक्या मिनिटांचा थांबा. तेवढ्यात फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धाव घ्यावयाची ती कोणी, तर ज्याला चालता येत नाही त्याने! आणि एस.टी.ला चालणारे ओळखपत्र रेल्वेला चालत नाही, रेल्वेचे एस.टी.ला नाही, असा प्रकार कित्येक वर्षे चालला. माणसाचा पाय एकच; त्याच्या लंगडेपणाचे दाखले मात्र दोन.

रेल्वेचा विषय निघाला की मूर्तिजापूरच्या वाचकाला शकुंतलेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीने वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी घातलेली ही अरुंद रुळांची गाडी एका बाजूस अचलपूरला आणि दुसऱ्या बाजूस यवतमाळला जात असे. सत्तर वर्षे तिला वाफेचे एंजिन ओढत होते. १९९४ साली डिझेलचे आले. ती मंद होती, वेळेची पक्की नव्हती. पण तिचे भाडे एस.टी.च्या मानाने अगदी किरकोळ असे, आणि तिच्या वेगामुळे म्हाताऱ्याकोताऱ्यांना चढण्याउतरण्याची भीती वाटत नसे. गाठोडे घेऊन बाजाराला निघालेली बाई, दवाखान्यास निघालेला वृद्ध, हा तिचा प्रवासी. मागल्या दशकात तिच्या दोन्ही शाखा एकामागून एक बंद पडल्या. रुळांच्या रुंदीकरणाची घोषणा २०१६ साली झाली होती. २२ मे २०२५ रोजी मूर्तिजापूरच्या नूतनीकृत स्थानकाचे उद्‌घाटन झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण स्थानक नवे झाले आणि गरिबाची गाडी गेली, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे. तिचे प्रवासी कोठे गेले, हे विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही. ज्यांना परवडले ते एस.टी.त गेले, ज्यांना परवडले नाही ते घरी बसले.

शहरांतील स्थिती तर याहून विचित्र. दर्यापूरचा पंचाहत्तर वर्षांचा शेतकरी एक पैसाही न देता अमरावतीस उतरतो, आणि स्थानकापासून रुग्णालयापर्यंतच्या मैलभर वाटेसाठी ऑटोवाल्याला पैसे मोजतो. अमरावतीची शहर बस आहे, पण तिच्या पायऱ्या आणि तिचे थांबे पाहिले की ती वृद्धांसाठी नाही हे स्पष्ट होते. अकोल्याची शहर बससेवा तर सुरू होण्यात आणि बंद पडण्यात वर्षे घालवीत आली. लांबचा पल्ला फुकट आणि जवळचा महाग, अशी ही उलटी गंगा आहे. शहरांसाठी विजेवर चालणाऱ्या दहा हजार गाड्यांची योजना केंद्राने २०२३ साली मंजूर केली. आपल्या नगरपालिकांनी नव्या गाड्यांची मागणी करताना रंगाचा आणि नावाचा विचार करण्यापूर्वी तळाच्या उंचीचा विचार करावा; शहराच्या सपाट रस्त्यावर तरी ‘पोट घासेल’ ही सबब चालावयाची नाही.

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईस विमान सुरू झाले. आम्हाला त्याचा अभिमान आहे. त्या विमानतळावर चाकाची खुर्ची मागणाऱ्या प्रवाशाला ती मिळते, तिला ढकलणारा माणूस मिळतो, कारण नियमच तसा आहे. विमानाने जाणाऱ्याचे गुडघे आणि एस.टी.ने जाणाऱ्याचे गुडघे वेगळ्या हाडांचे असतात काय? दिवसाकाठी विमानाने जाणारे मूठभर, एस.टी.ने जाणारे हजारो. मग खुर्ची मूठभरांना आणि खांदा हजारांना, हे कोणत्या न्यायाने?

जगाने हा प्रश्न कसा सोडविला ते पाहण्यासारखे आहे. १९७८ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील डेन्व्हर शहरात चाकाच्या खुर्चीतील प्रवाशांसह १९ जणांनी भर चौकात बसगाड्या अडविल्या आणि रात्रभर जागा सोडली नाही. त्यांना भाड्यात सूट नको होती. तिकिटाचे पैसे त्यांच्या खिशात होते. गाडीत चढता येईल असे करा, एवढेच त्यांचे मागणे. बारा वर्षांनी, १९९० साली, त्या देशाने कायदा करून प्रत्येक नव्या बसगाडीला उतरता मार्ग किंवा उचलयंत्र सक्तीचे केले. ब्रिटनने २००० साली नियम केले आणि मुदत घालून दिली. २०१६ च्या पहिल्या दिवसापासून ठरीव मार्गावरील एकमजली बसगाड्यांना ते पाळणे भाग पडले. इंग्लंडमध्ये २००८ पासून वृद्धांना व अपंगांना देशभर स्थानिक बसप्रवास ठरलेल्या वेळांत मोफतही आहे. म्हणजे त्यांनी तिकीट आणि पायरी ही दोन्ही कामे केली. आपण सोपे ते केले आणि कठीण ते ठेवून दिले.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. २०१६ च्या कायद्याच्या ४१ व्या कलमात बसथांबे, स्थानके आणि वाहने अपंगांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले: सुगम्यतेचे नियम शिफारशींच्या रूपात ठेवून भागणार नाही, किमान अटी बंधनकारकच असल्या पाहिजेत आणि केंद्राने त्या तीन महिन्यांत आखाव्यात, असे न्यायालयाने बजावले. ‘अपंग’ हा शब्द जाऊन ‘दिव्यांग’ आला, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. शब्द उंच झाला. पायरी मात्र तसूभरही खाली आली नाही.

वऱ्हाडाला हा विषय बाहेरून शिकविण्याची गरज पडू नये. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या माधानच्या गुलाबराव महाराजांना या भूमीने आंधळा म्हटले नाही, प्रज्ञाचक्षू म्हटले. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीजवळ तपोवन उभारले ते समाजाने रस्त्यावर टाकलेल्या कुष्ठरोग्यांसाठी. परतवाड्याजवळ वझ्झरला अनाथ दिव्यांग मुलांचा बाप झालेल्या शंकरबाबा पापळकरांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. आणि ज्यांनी आयुष्यभर गावोगाव पायपीट करून यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, अंधपंगूंची सेवा हाच देव मानला, त्या गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवला तोही प्रवासातच, अमरावतीच्या वाटेवर पेढी नदीच्या काठी. या माणसांनी सरकारी आदेशाची वाट पाहिली नाही. त्यांच्या भूमीत एका पायरीसाठी वर्षानुवर्षे अर्ज करावे लागावेत, ही आपणा सर्वांनाच खाली पाहावयास लावणारी गोष्ट आहे.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि नेमक्या आहेत. पहिली, प्रत्येक आगाराच्या ठिकाणी एक उंच फलाट, एक चाकाची खुर्ची आणि तिच्यासाठी नेमलेला एक माणूस असावा. दुसरी, यापुढे बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक एस.टी. गाडीला घडीची सखल पायरी आणि दोन्ही बाजूंस दांडा असल्याशिवाय ती रस्त्यावर येऊ नये. तिसरी, तीव्र अपंगत्व असलेला प्रवासी आणि त्याचा सोबती मिळून एका प्रवाशाचेही भाडे न भरता जावेत. निदान सोबत्याचा भार त्याच्यावर पडू नये. चौथी, अर्ध्या तिकिटाचे वय पासष्टावरून साठावर आणावे. पाचवी, सवलतीचा परतावा सरकारने दरमहा, न मागता द्यावा. सहावी, रेल्वेने वृद्धांची सूट निदान शयनयान वर्गापुरती तरी परत करावी, आणि एकच ओळखपत्र सर्व वाहनांत चालावे. यातील पहिल्या दोन मागण्यांना लागणारा पैसा बाकीच्या चारांच्या मानाने थोडा आहे. आणि खेदाची गोष्ट ही की नेमक्या त्याच दोन आजवर कोणी मनावर घेतल्या नाहीत.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या दारात आता मोटार उभी असते आणि एस.टी.ची पायरी त्यांना विसरावयास झाली असेल. अपंगत्व हा दुसऱ्याचा प्रश्न, असे मनात आणणेही सोपे आहे. पण म्हातारपण हा दुसऱ्याचा प्रश्न नाही. डोळ्यांवर पडदा येईल, चालविण्याचा परवाना कपाटात जाईल, मुले दूर असतील, आणि एका सकाळी तुम्हाआम्हाला त्या गाडीच्या दाराशी उभे राहावे लागेल. त्या दिवशी आपल्या खिशात फुकट तिकीट असेल यात शंका नाही. तेव्हा आपल्याला कोणाचा तरी खांदा मागावा लागेल, की स्वतःच्या पायांनी चढता येईल, हे मात्र आपण आज काय मागतो यावर ठरेल. तिकीट दयेने देता येते. पायरी हक्कानेच मागावी लागते, आणि ती आजच मागितली पाहिजे.